जुन्या जीपचे दिवे: वायरिंग उपटण्याआधी अर्थिंग तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची 1988 ची महिंद्रा डिझेल जीप राजापूरला घरी आहे, गेल्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. आता हेडलाइट इतके मंद आहेत की रात्री अणुस्कुरा घाटातून गाडी काढायची हिंमत होत नाही. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे आणि डॅशबोर्डच्या मीटरमधला बल्ब हलकेच पेटतात. उजवा इंडिकेटर लावला की उजवीकडचा मागचा दिवा त्याच तालात कमीजास्त होतो. आणि पाऊस लागला की पार्किंगचा फ्यूज उडतो. दोन ठिकाणी दाखवलंत, दोन्हीकडे ‘पूर्ण वायरिंग बदला’ असं सांगितलं.

बदलू नका. निदान आत्ता तरी नको. पहिल्या तीन तक्रारी बहुधा अर्थच्या (म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या करंटच्या परतीच्या रस्त्याच्या) आणि स्विचच्या आहेत, वायरिंगच्या नाहीत. चौथी खरीखुरी शॉर्टची आहे, पण ती कुठेतरी हातभर वायरीत असणार. नवीन वायरिंग आणून त्याच रंगवलेल्या पत्र्यावर त्याच होल्डरना जोडलंत, तर हजारो रुपये जातील आणि ब्रेक दाबल्यावर मीटरचा बल्ब पूर्वीसारखाच पेटेल.

घरच्या 230 व्होल्टच्या वायरिंगमध्ये वाटेत एक व्होल्ट गळला तर कुणाला कळतही नाही. गाडीत सगळा कारभार 12 व्होल्टचा. 55 वॅटचा डिपरचा (खालच्या झोताचा) बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन बल्ब मिळून नऊच्या वर. एखाद्या सांध्यात गंजामुळे फक्त 0.2 ओहम अडथळा आला, तरी एका बल्बच्या करंटला तिथे जवळपास 0.9 व्होल्ट गळतात. आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, फार वेगाने घटतो. व्होल्टेज 10 टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारे 30 टक्के कमी होतो. म्हणून जुन्या गाडीचे दिवे ‘लागतात तर खरे, पण उजेड नाही’ अशा अवस्थेला येतात. हा 0.2 ओहम मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींतच तेवढा निघतो. तो सापडतो दिवा चालू असताना व्होल्ट मोजून. माझ्या या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: करंट वाहत असताना मोजा. दिवा बंद ठेवून घेतलेलं माप तुम्हाला फसवतं.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर), आणि स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प. बाजारात पेनासारखा मिळतो तो नको. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवा, दोन लांब वायरी काढा, टोकाला मगर-क्लिपा लावा. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे आतून गंजून जेमतेम जोडलेल्या वायरीवरही तो 12.4 व्होल्ट दाखवतो. 21 वॅटचा बल्ब त्याच वायरीवर लावा, तो मान टाकतो आणि वायरीचं खरं रूप बाहेर येतं. (तुमच्या जीपमध्ये कॉम्प्युटर नाही म्हणून हा बल्ब बिनधास्त कुठेही लावा. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सेन्सरच्या वायरींना तो चुकूनही लावू नये.)

आधी बॅटरी बघून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापं निरर्थक. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवेत. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर 13.8 ते 14.4. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, आणि बल्ब वारंवार उडत असतील तर कारण तेच. जीपला अजून जुना डायनॅमो असेल तर आयडलवर दिवे थोडे मंद होणं स्वाभाविक आहे, डायनॅमो तेवढ्या फेऱ्यांवर चार्जिंग देत नाही. मापं रेस देऊनच घ्या. बॅटरीचे टर्मिनल नुसते बघू नका: हेडलाइट लावा, मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवा. इथे शून्याच्या जवळ आकडा हवा. 0.3 आला तर काढा, घासा, पुन्हा आवळा.

आता ब्रेक आणि इंडिकेटर. हे आधी घेतोय कारण ते सोपं आहे आणि गाडीबद्दल सगळ्यात जास्त सांगतं. मागच्या दिव्यात दोन फिलामेंटचा बल्ब असतो, 5 वॅट पार्किंगला आणि 21 वॅट ब्रेकला. दोन्हींचा परतीचा रस्ता एकच, म्हणजे बल्बचं पितळी अंग, तिथून होल्डर, तिथून पत्रा. तो रस्ता तुटला की ब्रेकचा करंट 21 वॅटच्या फिलामेंटमधून आत येतो आणि अडकतो. मग समोर दिसेल त्या वाटेने निघतो: शेजारच्या 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पार्किंगच्या वायरीत, तिथून पुढच्या पार्किंग दिव्यांत, नंबरप्लेटच्या बल्बमध्ये, मीटरच्या बल्बमध्ये, आणि त्यांच्या चांगल्या अर्थमधून बॅटरीला. म्हणून ब्रेकवर डॅशबोर्डचा मीटर उजळतो. इंडिकेटरचा बल्बही त्याच पत्र्यावर अर्थ शोधत असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक झपक्याला टेललाइट डोलतो. ‘वायरी एकमेकींना चिकटल्यात’ असं तुम्हाला सांगितलं गेलं, पण लक्षणं पाहता तसं वाटत नाही.

पडताळा दोन मिनिटांचा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर मागे आणा आणि उजव्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला टेकवा. ब्रेकचा दिवा नीट लागला आणि डॅशबोर्डच्या मीटरचा बल्ब विझला तर रोग सापडला. डेंटिंग-पेंटिंगनंतर हे हमखास होतं. दिवे काढतात, पत्रा छान रंगवतात, मग त्या जाड रंगावर किंवा नव्या रबरी गॅस्केटवर दिवा बसवतात. बोल्ट घट्ट असतो, पण धातूला धातू लागतच नाही. बोल्टच्या जागी रुपयाएवढा रंग खरवडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. पत्रा उघडा राहिला तर राजापूरच्या हवेत तो पहिल्याच पावसाळ्यात गंजेल.

मी स्वतः एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही मागच्या दिव्यांच्या होल्डरपासून काळी वायर काढून थेट चेसीला थिंबलने (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीने) बोल्ट करतो. जुन्या जीपची बॉडी अनेकदा स्थानिक कारागिराने नव्याने बांधलेली असते, पत्र्याचे तुकडे रिबिट मारून जोडलेले असतात, आणि बॉडी-चेसीमध्ये रबराची पॅकिंग असतात. अशा पत्र्यावर अर्थसाठी भरवसा ठेवायचा नाही. तसंच इंजिन ते चेसी आणि बॉडी ते चेसी या दोन वेणीच्या पट्ट्या आहेत का ते बघा. इंजिनाचं काम झालं की त्यातली एखादी परत लावायची राहून जाते.

हे करताना बल्बही बाहेर काढून बघा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या खिळ्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण झिजलेल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटा बसवलेला मला नेहमी दिसतो. मग पार्किंगला 21 वॅट पेटतो आणि ब्रेकला 5. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक कळतच नाही. उजेडापेक्षा ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. मंद हेडलाइट तुम्हाला दिसतात, तुम्ही हळू जाता. ब्रेक लाइट मात्र तुम्हाला कधीच दिसत नाही. दर आठवड्याला कुणाला तरी मागे उभं करून तो बघून घ्या.

आता हेडलाइट. पायाचा डिपर (अप्पर-डिपर बदलणारा, पायाने दाबायचा स्विच) आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथेच माझा पहिला संशय आहे. जीपच्या फळीवर बसवलेला तो स्विच आयुष्यभर चिखल, ओल्या चपला आणि वरून गळणारं पाणी खातो. पण संशयावर काम करायचं नाही, मोजायचं. इंजिन चालू, डिपर लावलेला, हेडलाइटचा कपलर (वायरींचा प्लग) बल्बला लावलेलाच. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या डिपरच्या पिनवर मागून टोचा. मधल्या संपूर्ण रस्त्यात किती व्होल्ट हरवले ते थेट दिसेल. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग अर्थची बाजू: बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचं मायनस. इथे 0.2 च्या वर मी सोडत नाही.

अर्थ वाईट असेल तर मागच्या दिव्यांसारखाच इलाज. प्लसच्या बाजूला मोठा आकडा आला, समजा दोन व्होल्ट, तर रस्ता तुकड्यांत वाटा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवरच ठेवा आणि दुसरं पुढे सरकवत न्या: फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, मुख्य स्विचच्या आधी आणि नंतर, डिपरच्या आधी आणि नंतर. ज्या दोन टोकांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, चोर तिथे बसलाय. हाताने चाचपूनही कळतं. एक व्होल्ट गळतोय आणि नऊ अँपिअर वाहतायत म्हणजे त्या इवल्याशा स्विचमध्ये नऊ वॅटची उष्णता तयार होते. पाच-दहा मिनिटं दिवे लावून ठेवा आणि स्विचला, फ्यूजच्या क्लिपांना, कपलरला बोट लावा. जो तापलाय त्याला पकडा.

एक लक्षण मुद्दाम तपासा. डिपरवर असताना डॅशबोर्डमधला अप्परचा निळा दिवा अंधुक पेटतो का? पेटत असेल तर एका हेडलाइटचा अर्थ गेलाय. डिपरचा करंट त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन अप्परच्या वायरीत शिरतो आणि निळ्या दिव्याला व पलीकडच्या हेडलाइटला उजळवतो. इथे पाना लागेल, नवा बल्ब नाही.

डिपर उघडून साफ करता येतो, पण तीस-पस्तीस वर्षांच्या स्विचचे कॉन्टॅक्ट घासून काही महिनेच मिळतात. नवा स्विच घाला, आणि सोबत दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा, एक अप्परला आणि एक डिपरला. जुन्या गाडीच्या दिव्यांवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. रिलेच्या पायावर आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर, 87 वरून हेडलाइटला, 86 ला जुनी डिपरची किंवा अप्परची वायर, 85 ला अर्थ. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जातो आणि बल्बचं ओझं जवळच्या जाड वायरीवर पडतं. मुख्य वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, म्हणजे मधल्या वायरीला धोका राहत नाही. जमलं तर उजव्या-डाव्या दिव्याला वेगळा फ्यूज द्या. घाटात वळणावर दोन्ही दिवे एकदम जाणं काय असतं ते ज्याने अनुभवलंय तो हे टाळत नाही. काही जपानी घराण्याच्या गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थच्या बाजूला असतो, तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही. म्हणून आधी टेस्ट लॅम्पने खात्री करा.

दुकानदार तुम्हाला 100/90 वॅटचे बल्ब पुढे करेल. घेऊ नका. एच-4 बल्ब 60/55 चा असतो, होल्डर आणि रिफ्लेक्टर त्यासाठी बनलेत. 90 वॅट म्हणजे दोन बल्बांचे पंधरा अँपिअर, आणि जुन्या स्विचमधून तेवढे नेलेत तर गळणारे व्होल्ट आणखी वाढतील, प्लास्टिकचा होल्डर वितळेल. एलईडीचे बदली बल्बही मला या दिव्यात पसंत नाहीत. सात इंची गोल रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर बेतलेला असतो. त्या जागी चिप आली की उजेड विखुरतो आणि समोरचा आंधळा होतो. बल्बवर 13 व्होल्ट पोचत असतील आणि तरी उजेड पिवळट असेल तर रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा गेलाय, तो दिवाच बदला. योग्य व्होल्टेजवर नव्या रिफ्लेक्टरमध्ये साधा 60/55 बल्ब घाटाला पुरतो.

इंडिकेटरबद्दल फार लिहीत नाही. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) करंटच्या उष्णतेवर चालतो, म्हणून एक बल्ब उडाला किंवा अर्थ खराब झाला की त्याची चाल बदलते. एकाच बाजूला चाल बिघडली तर त्या बाजूचा बल्ब किंवा अर्थ, दोन्हीकडे बिघडली तर फ्लॅशर. मागचा अर्थ नीट केल्यावर तुमची तक्रार उरेल असं वाटत नाही.

राहिला पावसात उडणारा फ्यूज. आधी एक विनंती: फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली असेल तर आजच काढा, मोठ्या अँपिअरचा घातला असेल तर तोही. फ्यूज उडतोय म्हणजे तो गाडी वाचवतोय. डिझेल गाडी आहे म्हणून पेटणार नाही असं नसतं. वायरीचं आवरण पेटायला पेट्रोल लागत नाही.

पार्किंगच्या लाइनवरचे सगळे बल्ब काढा: पुढचे, मागचे, नंबरप्लेटचा, मीटरचे. हे न करता मीटरची पिपाणी (वाट सलग मिळाली की वाजणारी) लावलीत तर ती वाजेल आणि तुम्हाला वाटेल शॉर्ट सापडला. थंड फिलामेंटचा अडथळा अगदी कमी असतो, पाच-सहा बल्ब मिळून मीटरला ते शॉर्टच वाटतात. यातूनही अनेकांची चांगली वायरिंग उपटली गेली आहे. बल्ब काढल्यावर फ्यूजच्या दोन क्लिपांमध्ये फ्यूजऐवजी आपला 21 वॅटचा टेस्ट लॅम्प लावा आणि पार्किंगचा स्विच चालू करा. शॉर्ट नसेल तर लॅम्प बंद राहील. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटेल, आणि मधे बल्बच असल्यामुळे कितीही वेळ ठेवलंत तरी वायर जळणार नाही.

कोरड्या दिवशी तो बंदच राहणार, म्हणून पाऊस तुम्ही आणायचा. झाडांवर फवारायची बाटली घ्या आणि एका वेळी एकच जागा भिजवा. मागच्या चाकाच्या वरचा भाग, चेसीतून बॉडीत वायर शिरते ते भोक, नंबरप्लेटचा दिवा, ट्रॉलीसाठी सॉकेट लावला असेल तर तो. साध्या पाण्याच्या ओलीने लॅम्प एकदम पूर्ण पेटत नाही. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी उघडं तांबं पत्र्याच्या अगदी जवळ आहे आणि भिजलं, हाललं की टेकतंय. म्हणून फवारताना वायरी हातानेही हलवत राहा. लॅम्प लुकलुकला तिथे थांबा. बहुतेक वेळा रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी) गळून पडलेलं असतं आणि पत्र्याच्या धारेने आवरण कापलेलं असतं. दुसरा कारागीर म्हणजे उंदीर. गाडी पावसाळ्यात पडवीत उभी राहते, त्याला बोनेटखाली ऊबदार जागा मिळते, आणि तो वायर कुरतडतो ती नेमकी हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात.

वायर कापलीत की आतलं तांबं बघा. काळं किंवा हिरवट असेल तर पुढे कापत जा, लखलखीत तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्याला डाग (सोल्डर) लागत नाही आणि थिंबल पकडत नाही. सांधा पिळून टेप गुंडाळायचा नाही. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो आणि दोन पावसाळ्यांत आत पाणी शिरतं. दाबून थिंबल, वरून आतून गोंद असलेली तापवून आवळणारी स्लीव्ह. दुरुस्त केलेली वायर कपलरच्या आधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी त्या झोक्यावरून खाली टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही. सांध्यावर बाथरूमचं सिलिकॉन फासू नका. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्यातलं आम्ल तांबं खातं.

पूर्ण वायरिंग बदलायची वेळ कधी येते तेही सांगतो. वायर बोटाभोवती वाकवली आणि आवरणाला तडे गेले, तर ती संपली. हातभर लांबीत आवरण वितळून वायरी एकमेकींत मुरल्या असतील, तरी संपली. किंवा एका मीटरमध्ये इतके टेपचे गोळे असतील की मूळ वायर शोधावी लागते. तेव्हाही सगळी एकदम काढू नका. आधी मागची लाइन, ती लांब आणि सरळ असते, मग पुढची, डॅशबोर्ड शेवटी. प्रत्येक टोकाला कागदी टेपवर नाव लिहा आणि फोटो काढा. रंगांवर विसंबू नका. ॲम्बॅसडरसारख्या ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत लुकासची रंगपद्धत होती, काळा अर्थ, लाल पार्किंगला, निळा-पांढरा अप्परला, निळा-लाल डिपरला. पण इतक्या वर्षांत गाडीत किती हात गेले त्यावर आजचा रंग ठरतो. लाल वायर अर्थला जोडलेली जीप तुमच्याही समोर येऊ शकते. टेस्ट लॅम्प जे सांगेल ते खरं.

क्रम असा ठेवा: बॅटरी, मागचे अर्थ, मग हेडलाइटची मापं, शेवटी शॉर्ट. अर्थ नीट झाल्यावर पुढची मापं बदलतात, म्हणून उलटं जाऊ नका. हेडलाइटची तीन मापं लिहून ठेवा: रेस देऊन बॅटरीवर किती, प्लसच्या रस्त्यात किती गळले, अर्थच्या रस्त्यात किती. ती मला कळवलीत तर रिले घालायचे की नुसता डिपर बदलायचा ते नेमकं सांगता येईल.

आणि उजेड परत आला की त्याच संध्याकाळी दिवे सेट करा, कारण आता ते समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतील. सपाट जमिनीवर भिंतीपासून साडेसात मीटरवर जीप उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर आणि मागे नेहमी असतो तेवढा भार. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे दहा माणसं बसतात तेव्हा जीपचं नाक वर जातं, हे लक्षात घेऊन एखादा सेंटिमीटर आणखी खाली ठेवलात तरी चालेल.